बकूचं वजन : नोंदी, जुलै ते सप्टेंबर २०२४

५ जुलै, शुक्रवार. वजन २.३८ किलो

खाली राहणाऱ्या काकूंची मांजरी बकू आज संध्याकाळी आमच्याकडे आली. दोन मजले वर, एवढाच प्रवास. पिशवीतून उतरली ती थेट कपाटाखाली गेली. काकू उद्या सकाळी लेकाकडे बंगळूरला निघतात, कायमच्या. धाकट्या नातवाला मांजराच्या केसांनी दमा उठतो, त्यामुळे तिला नेण्याचा प्रश्नच नव्हता. "मी सांभाळते" असं मी सहज म्हणून गेले होते. आता सांभाळायचं म्हणजे रोज काय करायचं, ते या वहीत लिहून ठेवणार आहे.

वय तेरा. तिरंगी भाटी. लसीच्या कार्डावर २०२१ साली वजन लिहिलंय ३.९ किलो. आज स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्लॅस्टिकची टोपली ठेवली, काटा शून्यावर आणला आणि तिला टोपलीत बसवलं. २.३८. तीन वर्षांत दीड किलो गेलं. साठ किलोची बाई सदतीसवर यावी, तसं. पाठीवरून हात फिरवला की मणके एकेक मोजता येतात. कमरेपाशी केसांच्या घट्ट गाठी झाल्यात, म्हणजे स्वतःला चाटून साफ करणंही तिनं सोडलंय.

काकूंनी एक स्टीलची वाटी आणि वहीचं पान दिलंय. सकाळी सातला दूध-बिस्कीट. दुपारी मासे असले तर कालवणातले काढून, धुऊन. रात्री दूध-पोळी कुस्करून. खाली लिहिलंय : "हल्ली दोन वर्षं तिला मऊच लागतं. लाडावलीय."

रात्री अकरापर्यंत काही खाल्लं नाही. पाणी प्यायली, बरंच.

६ जुलै, शनिवार

सकाळीच डॉक्टरांकडे. आई म्हणत होती, दोन दिवस रुळू दे, मग न्या. पण मांजराला उपाशी ठेवून वाट बघता येत नाही, एवढं मला माहीत होतं. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही की अंगातली चरबी यकृताकडे धाव घेते आणि यकृतच निकामी व्हायला लागतं. जाड मांजरांना हा धोका जास्त, पण बकूसारखीकडे तर मोडून खायला पुंजीच नाही.

डॉक्टरांनी आधी नुसतं बघितलं, मग हात लावला. ताप नाही, उलट अंग थोडं गार : ३७.९. (मांजराचं निरोगी तापमान ३८ ते ३९.२, आपल्यापेक्षा जास्त.) मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसते, म्हणजे अंगात पाणी कमी. खांद्यांच्या मध्ये कातडीखाली ८० मिली सलाईन सोडलं. तिथे लिंबाएवढा फुगवटा आला, दुपारपर्यंत जिरला.

मग तोंड. ओठ वर केला तर हिरड्या लालभडक, वास येतोय. खाली डावीकडे एका दाढेच्या मुळाशी गुलाबी खड्डा. डॉक्टरांनी कापसाच्या काडीनं तिथे अगदी हलका स्पर्श केला. बकूचा खालचा जबडा टकटक थरथरला, डोळे मिटले, आवाज मात्र काढला नाही. म्हाताऱ्या मांजरांत दात असा झिजत जाणं फार आढळतं आणि ते भयंकर दुखतं, असं त्या म्हणाल्या. मग मला वहीतलं ते पान आठवलं. मऊच लागतं. लाडावलीय.

रक्त घेतलं, पोटातून सुईनं लघवी घेतली. जंताचं औषध नंतर, आधी रिपोर्ट.

घरी : मांजरांच्या तयार मऊ अन्नाचं पाऊच, ११ ग्रॅम. चाटून.

७ जुलै, रविवार

रिपोर्ट फोनवर कळले. साखर नॉर्मल. थायरॉइड नॉर्मल. याची मला जास्त धास्ती होती, पण थायरॉइड वाढलेलं मांजर सहसा भरपूर खाऊनही वाळतं, आणि ही खातच नाही. मांजरांत आढळणाऱ्या दोन मुख्य विषाणूंच्या चाचण्या निगेटिव्ह. मूत्रपिंडं नीट गाळत नसली की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन २.१. लघवी पातळ. म्हणजे मूत्रपिंडं थकलीत, दुसऱ्या टप्प्यावर. रक्त थोडं कमी आहे, ते मूत्रपिंडांमुळे असेल किंवा कालवणातल्या कांदा-लसणामुळेही असू शकतं. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो, मासा धुतला तरी आत मुरलेला रस जात नाही.

दात काढायचे आहेत, पण एवढ्या हडकुळ्या जिवाला भूल देण्याची घाई नको. आधी पाणी, मळमळ आणि दुखणं आटोक्यात. वजन २.६ च्या पुढे गेलं की दात.

आईनं विचारलं, तोपर्यंत पॅरासिटामॉलचा चतकोर तुकडा दिला तर? डॉक्टरांनी फोनवर जवळजवळ ओरडूनच नाही म्हटलं. आपल्या घरातली ती साधी गोळी मांजराला विष आहे, तिच्या यकृताला ती पचवताच येत नाही. एका गोळीत मांजर जातं. घरातल्या सगळ्या गोळ्या आज डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवल्या. दुखण्याचं औषध डॉक्टरांनीच वजनाच्या मापानं भरून दिलंय, थेंबांत.

८ जुलै, सोमवार

हिशेब. डॉक्टरांनी दिलेलं सोपं सूत्र : वजन गुणिले ३०, अधिक ७०. २.४ किलोला १४२. दिवसभर नुसतं पडून राहायलाच एवढ्या कॅलरी लागतात. वजन वाढायचं तर पुढे १८० पर्यंत न्यायचं.

पण आजच १४२ नाही. फार दिवस अर्धपोटी राहिलेल्या जिवाच्या पोटात एकदम भरपूर गेलं, तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम धाडकन खाली येतं आणि तेच जिवावर बेततं. म्हणून पहिले दोन दिवस तिसरा हिस्सा, मग चार-पाच दिवसांत चढवत नेणं. आमचं पाऊच ८५ ग्रॅमचं, ७० कॅलरींचं. आजचं लक्ष्य पाऊण पाऊचला थोडं कमी.

तिनं खाल्लं १९ ग्रॅम.

९ जुलै, मंगळवार. २.३४ किलो

चाळीस ग्रॅम आणखी गेले. आज मी तिच्यासमोर जमिनीवर बसून फक्त बघत राहिले, अर्धा तास.

ती येते. वाटीपाशी येताना पाय उचलते तेही घाईनं, म्हणजे भूक आहे. नाक वाटीवर आणते. मग ओठांवरून जीभ फिरवते, एकदा, दोनदा, पाच वेळा. घोट गिळते, वाटीत काही नसताना. मान मागे घेते आणि भिंतीकडे तोंड करून बसते, पाय पोटाखाली घेऊन. पाच मिनिटांनी परत येते, पुन्हा तेच.

इतके दिवस मी याला "आवडत नाही" असं समजून वेगवेगळी चव आणत होते. कपाटात चार प्रकार जमलेत. व्हिडिओ काढून डॉक्टरांना पाठवला. उत्तर आलं : मळमळतंय. थकलेल्या मूत्रपिंडांमुळे असं होतं. उद्या या.

१० जुलै

मळमळीचं इंजेक्शन. भूक लागण्यासाठी मिर्टाझापीनच्या साडेसात मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर, एक दिवसाआड. मूत्रपिंडांचा त्रास नसता तर वेगळं प्रमाण असतं, त्यामुळे दुसऱ्याच्या मांजराचं प्रमाण वाचून कुणी देऊ नये.

रात्री ३४ ग्रॅम.

११ जुलै

रात्री दोन ते चार बकू घरभर ओरडत फिरली. त्या गोळीनं असं होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. खालच्यांनी दार वाजवलं, त्यांना समजावलं. पहाटे पाचला ती स्वतःहून वाटीपाशी गेली आणि वाटी रिकामी झाली. पहिल्यांदाच.

एकूण ९६ कॅलरी.

१३ जुलै. २.३६ किलो

काही बदल, जमले ते.

काकूंची वाटी ठेवून दिली आणि उथळ ताटली आणली. खोल वाटीत तोंड घालताना तिच्या मिशा काठाला घासतात. ताटली आता पाटावर ठेवतो, आजीच्या वेळचा सागवानी पाट. मान खाली वाकवायला तिला जड जातं. पुढचे कोपर दाबले की ती पाय ओढून घेते, सांधेही धरलेत.

अन्न कोमट हवं. पाऊच फ्रिजमधून काढून गरम पाण्याच्या वाटीत दहा मिनिटं ठेवायचं, मनगटावर लावून बघायचं, बाळाच्या दुधासारखं. मांजर नाकानं जेवतं, थंड अन्नाला वासच नसतो. त्यात दोन चमचे गरम पाणी घालून सरभरीत केलं की पाणीही पोटात जातं आणि चावावं लागत नाही.

ताटली आणि शी-शूचा ट्रे एकाच गॅलरीत होते, ते वेगळे केले. दिवसातून तीन वेळांऐवजी सहा वेळा, चमचाभर चमचाभर. वीस मिनिटांनी उरलेलं उचलायचं. समोर पडून राहिलेल्या अन्नाचा तिला वीट येतो.

वर अर्धा चमचा साय. दूध बंद केलंय, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. पण सायीत स्निग्धांश जास्त, आणि तिच्या ओळखीची आहे. काकूंची बिस्किटं तिला गोडासाठी आवडत असतील असं आम्हाला वाटायचं. मांजराला गोड चव कळतच नाही. ती त्यातल्या दुधामागे होती.

रात्री नऊला काकूंचा फोन, रोजच्यासारखा. "खाल्लं का गं तिनं?" दातांचं अजून सांगितलेलं नाही.

१७ जुलै, आषाढी एकादशी. २.४२ किलो

आईचा उपास. बकूनं १३८ कॅलरी घेतल्या. जंताचं औषध झालं.

१९ जुलै

चूक केली. गोळी तोंडात टाकताना ती धडपडते, मला तिचं तोंड दुखवायची भीती वाटते, म्हणून गोळी कुटून तिच्या आवडत्या कोंबडीच्या लगद्यात मिसळली. ती एक घास घेऊन थांबली. तोंडाला फेस आला, मान झटकली. ताटलीभोवती पंज्यानं जमीन उकरली, माती लोटल्यासारखी.

२० ते २५ जुलै

कोंबडीला तोंड लावत नाही. गोळी नसलेली, नवीन, वेगळ्या ताटलीतली, काहीच नाही. मांजराला एखादं अन्न खाऊन त्रास झाला की ते अन्न ती मनातून काढून टाकते. २२ ला वजन २.३९. मी सहा दिवसांची कमाई एका गोळीत घालवली. माझ्यावर तिचा जो थोडा विश्वास बसला होता, त्यातलाही काही भाग गेला : माझ्या हातात चमचा दिसला की ती कपाटाखाली.

डॉक्टर म्हणाल्या, आठवडा-दोन आठवडे कोंबडीचं नाव काढू नका. औषध खोलीच्या दुसऱ्या टोकाला, जेवणाच्या वेळेपासून लांब, टॉवेलात गुंडाळून, आणि त्यावर लगेच पिचकारीनं थोडं पाणी. अन्न मात्र पिचकारीनं कोंबायचं नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि अन्नाचीच धास्ती बसते. गरज पडली तर मानेतून नळी घालता येते, ती दिसायला भयंकर पण मांजराला त्यापेक्षा कमी छळणारी. एकूण खाणं सलग दोन दिवस निम्म्याच्या खाली गेलं की नळी, असं ठरलं.

निम्म्याच्या खाली गेलं नाही. टूनाच्या पाऊचवर चाललंय.

२९ जुलै. २.४७ किलो

ती आता फोनच्या वेळी सोफ्यावर माझ्या बाजूला बसते. टेकत नाही, वीतभर अंतर ठेवते.

२ ऑगस्ट

काल मासेमारीची बंदी उठली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, त्यामुळे ताजी मासळी जेमतेमच होती. आज ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातून येणाऱ्या मावशींकडे मांदेल्या मिळाल्या. मांजरासाठी हव्यात म्हटल्यावर त्यांनी डोकी आणि काटे स्वतःच काढून दिले, वर मूठभर जास्त घातल्या.

मीठ नाही, हळद नाही, नुसत्या पाण्यात उकडल्या. तो वास भांड्यावरचं झाकण काढल्याबरोबर घरभर झाला आणि बकू कपाटावरून, हो, कपाटाच्या खालच्या फळीवरून उडी मारून आली. उडी मी पहिल्यांदा बघितली. मांदेल्या कुस्करून वीस ग्रॅम दिल्या, उरलेलं पाणी बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवलं. रोज एक खडा वितळवून पाऊचवर ओतायचा.

मासळी किंवा घरचं मांस म्हणजे तोंडीलावणं, दिवसाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत. मुख्य अन्न पाऊचच. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते तिचं शरीर पुरेसं बनवत नाही, आणि मांस उकडलं की ते बरंचसं पाण्यात उतरतं. टॉरिन कमी पडलं की हृदय आणि डोळे जातात. वर्षानुवर्षं दूध-पोळीवर राहिलेल्या बकूचं हृदय डॉक्टरांनी दोनदा लक्ष देऊन ऐकलं. ठीक आहे.

५ ऑगस्ट, सोमवार. २.५६ किलो

श्रावण लागला. आमच्याकडे महिनाभर घरात सामिष शिजत नाही, आणि मला आठवडाभर याचीच चिंता होती. सकाळी उठले तर आईनं गॅलरीत इंडक्शनची शेगडी मांडलेली, शेजारी जुनं पातेलं, आणि त्याच्या दांड्याला ओळखीसाठी लाल दोरा. "श्रावण आपला. तिला कुठला श्रावण?" एवढंच म्हणाली आणि पूजेला बसली.

१२ ऑगस्ट. २.६३ किलो

पुन्हा रक्त तपासलं. क्रिएटिनिन २.०. रक्तदाब ठीक. बुधवारी दात.

१४ ऑगस्ट, बुधवार

सकाळी नऊला सोडलं, दुपारी तीनला फोन. तीन दात काढले. एक्स-रेमध्ये दिसलं की त्या खालच्या दाढेचं एक मूळ जवळजवळ विरघळलेलं होतं. भुलीत पूर्णवेळ सलाईन चालू होतं. ती शुद्धीवर आली, अंग गरम ठेवलंय.

संध्याकाळी घरी. डोळे मोठे, चाल झोकांड्या खाणारी. रात्री दहाला पातळ पेज केलेलं पाऊच, ८ ग्रॅम.

आज काकूंना सांगितलं. टाळत होते, कारण त्या दोन वर्षं बिस्किटं बुडवून, पोळी कुस्करून तिला भरवत होत्या, आणि वाळत चालली म्हटल्यावर त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की वय झालं की मांजरं वाळतातच. पण उद्या त्या तिथल्या एखाद्या शेजारणीला सल्ला देतील, तेव्हा हे त्यांना माहीत असायला हवं, असं मला वाटलं. सगळं क्रमानं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "कुठल्या बाजूचा गं?"

डावीकडचा खालचा, म्हटलं.

"म्हणून ती उजवीकडे मान वाकडी करून खायची. मला वाटायचं, माझ्याकडे बघत बघत खाते."

मी म्हटलं, काकू, तुम्ही मऊ करून दिलंत म्हणून ती दोन वर्षं जेवली. हे मी समजूत घालायला म्हटलं नाही. कोरडं खाणं समोर ठेवून "खाईल भूक लागली की" म्हणणाऱ्या घरात ती गेल्या वर्षीच संपली असती.

१६ ऑगस्ट. २.५८ किलो

पन्नास ग्रॅमची घट. अपेक्षित होती. दुखण्याचे थेंब चालू.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा. २.६६ किलो

मान सरळ ठेवून खाल्लं. ताटलीच्या दोन्ही बाजूंनी. मी पाटाशेजारी ओणवी होऊन खात्री केली. खाताना जिभेचा लपलप आवाज येतो, तो आधी कधीच आला नव्हता, कारण ती अन्न पुढच्या दातांनी उचलून मागे टाकत होती.

१७४ कॅलरी. मिर्टाझापीन डॉक्टरांनी बंद केलं.

२६ ऑगस्ट

कोंबडी पुन्हा देऊन बघितली, मांदेलीच्या पाण्यात. खाल्ली. महिना आणि वर आठवडा लागला.

३१ ऑगस्ट. २.८१ किलो

मूत्रपिंडांसाठीचं खास अन्न सुरू करायला डॉक्टर आता तयार झाल्या. त्यात फॉस्फरस कमी असतं. जुलैमध्ये मी मागितलं होतं तेव्हा त्या नाही म्हणाल्या होत्या : आजारी, मळमळणाऱ्या मांजराला ते दिलं आणि तिनं त्याचा तिटकारा घेतला, तर पुढे आयुष्यभर देता येणार नाही. आज चमचाभर, जुन्या पाऊचमध्ये. तीन-चार आठवड्यांत पूर्ण बदलायचं.

कमरेच्या गाठी मी कापल्या होत्या, तिथे नवे मऊ केस आलेत. उरलेलं अंग ती स्वतः चाटते आहे, शेपटीपर्यंत.

७ ते ९ सप्टेंबर

दीड दिवसाचा गणपती. घरी माणसं, आरत्या, आणि रविवारी विसर्जनाला गल्लीत ढोल. बकूला आतल्या खोलीत ठेवलं, पंखा मोठा लावला, दाराला फटीत चादर लावली. तरी दोन दिवसांत मिळून १५० कॅलरी. सोमवारी वजन २.७८. मळमळीची गोळी एकदा द्यावी लागली. पुढच्या वर्षी तिची सोय आधीच दुसरीकडे करायची, हे आत्ताच लिहून ठेवते.

११ सप्टेंबर

१६८ कॅलरी. सावरली.

२० सप्टेंबर. २.९१ किलो

शी रोज, मऊ. जुलैमध्ये तीन-तीन दिवस कोरडे खडे असायचे.

२८ सप्टेंबर, शनिवार. २.९८ किलो

बारा आठवडे. सहाशे ग्रॅम. पाठीचे मणके अजून लागतात हाताला, पण आता मध्ये काहीतरी आहे. डॉक्टरांनी नवं लक्ष्य ३.४ ठेवलंय, ३.९ नाही. गेलेला स्नायू या वयात सगळा परत येत नाही, आणि थकलेल्या सांध्यांवर उगाच चरबी चढवण्यात अर्थ नाही.

रोज वजन करणं आता आठवड्यातून दोनदा. टोपली काट्यावर ठेवली की ती स्वतःच येऊन बसते, कारण उतरल्यावर मांदेलीचा एक तुकडा मिळतो.

रात्री काकूंचा फोन. आकडा सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला, मागून पेनाचा आवाज आला. त्यांनीही वही केलीय, हे मला आज कळलं. ५ जुलैपासूनची सगळी वजनं त्यांच्याकडे आहेत. १६ ऑगस्टचं लिहायचं राहिलं होतं, ते विचारलं. २.५८, सांगितलं.

उद्या : लघवीचा नमुना द्यायचा. मांदेल्या संपल्यात, मावशींना सांगायचं.